चेंडूला पाय लागला

क्लबच्या अर्जात "खेळाचा पूर्वानुभव" असा रकाना होता. मी "कॅरम" लिहिलं. समोरच्या दारातल्या मित्राने ते वाचलं, माझ्या हातातून पेन घेतलं आणि पुढे कंसात "सोसायटी पातळी" अशी भर घातली.

हा मित्र डोंबिवलीत आमच्या इमारतीत तीस वर्षं माझ्या समोर राहत होता. त्याचं दार उघडलं की माझ्या दाराला धक्का बसतो इतकी ती दारं जवळ आहेत. बांधणाऱ्याने आमच्या मैत्रीला पर्यायच ठेवला नव्हता. तो एका कारखान्यात खरेदी विभागात होता, मी एमआयडीसीतल्या रंगांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. दोघंही निवृत्त झालो तेव्हा आपण आता भरपूर वाचू असं मला वाटलं होतं आणि आपण आता भरपूर झोपू असं त्याला. दोन्ही जमलं नाही. त्याच्या मुलाने शहाडच्या पुढे, नदीच्या बाजूच्या एका नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला आणि वर्षभरात तो स्वतः कॅनडाला गेला. फ्लॅटबरोबर क्लबची दोन कार्डं आली होती. त्यातलं एक मित्राने घेतलं आणि दुसरं, त्याच्या बायकोने स्पष्ट नकार दिल्यामुळे, मला दिलं.

अशा रीतीने एकसष्टाव्या वर्षी मी गोल्फ शिकायला लागलो. हे वाक्य मी अजून नातेवाइकांसमोर मोठ्याने म्हणत नाही.

क्लबच्या दारात फायबरचे दोन सिंह आहेत. एकाचा कान तुटला आहे, आणि तेव्हापासून तो दुसऱ्यापेक्षा समजूतदार दिसतो. आत शर्टाला कॉलर हवी, शर्ट खोचलेला हवा. भिंतीवर मखमलीच्या चौकटीत नियम आहेत. त्यातला मला नडलेला नियम असा की नवशिक्याने जाळी लावलेल्या सरावाच्या जागेतच खेळायचं. खऱ्या मैदानावर उतरायचं तर परीक्षेची फेरी द्यावी लागते. नऊ होल, म्हणजे नऊदा चेंडू भोकात घालायचा, जास्तीत जास्त त्रेसष्ट फटके, शेजारी परीक्षक. ही परीक्षा महिन्यातून एकदाच, पहिल्या शनिवारी.

मित्र ऑक्टोबरातच पास झाला. मी ऑक्टोबरातही नापास झालो आणि नोव्हेंबरातही. त्यामुळे तो रविवारी मैदानात खेळायचा आणि मी त्याची पिशवी खांद्याला लावून बरोबर चालायचो. मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. पुढच्या महिन्यात होईल, अशी माझी समजूत होती.

मग नोव्हेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी तो चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "व्हिसा आला रे."

मुलाकडे कायमचं जायचं हे ठरलेलं होतं, पण ठरलेल्या गोष्टी होतात हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. दोन्ही फ्लॅट विकले गेले होते. विमान डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारचं होतं. क्लबची कार्डं त्याच्या आधी परत करायची होती. मी मनात हिशेब केला. मध्ये एक परीक्षेचा शनिवार येत होता आणि एक रविवार. शनिवारी पास झालो तर रविवारी आम्ही दोघं एकदा एकत्र खेळू शकत होतो. नापास झालो तर रविवारी पुन्हा पिशवी उचलायची आणि गुरुवारी त्याच्या बॅगा.

"पास हो बाबा," तो म्हणाला. "एवढं तरी कर. तीस वर्षांत माझ्यासाठी काय केलंयस?"

"तुझं दार माझ्या दारावर आपटू दिलंय."

शनिवारी सकाळी सात वाजता मी पहिल्या होलशी उभा होतो. थंडी होती, नदीकडून धुकं येत होतं. शर्ट खोचला होता. परीक्षक म्हणून स्वतः कॅप्टन आले होते. हे कॅप्टन जहाजावरचे नाहीत की सैन्यातले नाहीत. दरवर्षी सभासद एकाला निवडून देतात आणि त्याला कॅप्टन म्हणतात. हे गृहस्थ पूर्वी एका बँकेत होते. छातीवर नावाची पितळी पट्टी होती, आणि गळ्यात दोरीला लॅमिनेट केलेली नियमांची पुस्तिका. मी त्यांच्याबद्दल आधीच वाईट मत करून ठेवलं होतं. पितळी पट्टी दिसली की माझं असं होतं.

सामान उचलायला आणि सोबतीला क्लबतर्फे एक कॅडी मिळतो. मला एक बाई मिळाल्या. पन्नाशीच्या पुढच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वर क्लबचं हिरवं जाकीट, पायात कॅनव्हासचे बूट. मैदानावर पाऊल टाकण्याआधी त्यांनी वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू पयल्यांदा देतंस काय परीक्षा?"

"तिसऱ्यांदा."

"मंग लवकर आटप. भाच्याची हलद हाय आज."

शेजारच्या आगरी गावातल्या त्या. त्यांच्या बोलीत अहोजाहो नाही. कॅप्टनलाही त्या अरेतुरेच करत होत्या. "तू जरा सरक, तुजी सावली पडते चेंडूवर," असं त्यांनी कॅप्टनला सांगितलं तेव्हा पितळी पट्टीसकट कॅप्टन सरकले. त्या क्षणी मला बाई आवडायला लागल्या.

पहिला फटका मी मारला. जोरात मारला. हवेचा आवाज झाला, आणि चेंडू होता तिथेच होता.

"एक," कॅप्टन म्हणाले.

"पण लागला नाही."

"मारायचा हेतू होता ना? मग मोजायचा."

या खेळात हेतू मोजतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढचा फटका लागला, पण चेंडू डावीकडच्या खड्ड्यातल्या वाळूत गेला. तिथून त्याला बाहेर काढायला मला तीन फटके लागले. पहिल्याच होलवर दहा झाले. सात सरासरी हवी होती.

दुसऱ्या होलवर चेंडू उजवीकडच्या उंच गवतात गेला. शोधायला आम्ही तिघंही आत शिरलो. तीन मिनिटांत सापडला नाही तर हरवला असं धरतात. मी घाईने पाय टाकत होतो आणि बुटाच्या टोकाला काहीतरी कडक लागलं. चेंडूच होता.

पुढचं जे झालं त्यात माझा काही विचार नव्हता. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला, माणसाला पाय लागला, ज्याच्यावर आपलं काम चालतं अशा कशालाही पाय लागला की हात खाली जातो आणि मग कपाळाकडे जातो. लहानपणी आईने हे इतक्या वेळा करायला लावलं की ते आता हात आपले आपणच करतात. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांच्या खोक्याला पाय लागला तरी मी तसंच करायचो, आणि साहेब लोक हसायचे. तर हात खाली गेला, चेंडू उचलला, कपाळाला लावला आणि परत होता तिथे ठेवला.

"एक फटका दंड," कॅप्टन म्हणाले.

"पाय चुकून लागला हो."

कॅप्टनने गळ्यातली पुस्तिका उघडली. बोट फिरवत त्यांनी वाचलं आणि समजावून सांगितलं. चेंडू शोधताना चुकून पाय लागला तर दंड नाही. पण पडलेला चेंडू मुद्दाम हाताने उचलला, किंवा नुसता हात लावला, तरी दंड.

म्हणजे पाय लागणं माफ, माफी मागणं दंडनीय. पहिल्या होलवर त्यांनी माझा हेतू मोजला होता, आणि दुसऱ्यावर तो विचारायलाही कोणी तयार नव्हतं. मी हे त्यांना म्हणणार होतो, पण बाई मध्येच म्हणाल्या, "बरोबर केलंस तू. आन् दंडबी बरोबर. आता मार."

दुसऱ्या होलवर नऊ.

तिसऱ्या होलवर मी चेंडूकडे बघत होतो पण मनात एकोणीसचा आकडा होता, आणि त्याच्या मागे गुरुवारचं विमान. शेवटी चेंडू भोकापासून वितीवर असताना मी दोनदा चुकलो. पुन्हा नऊ.

"अठ्ठावीस," कॅप्टन निकाल वाचल्यासारखे म्हणाले. "उरलेल्या सहा होलांसाठी पस्तीस."

मी बाकावर बसलो. जाळीपलीकडच्या रस्त्यावरून शाळेची बस गेली. मी बाईंना म्हणालो, "सोडून देऊ या का? तुम्हालाही हळदीला जायचंय."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आवन लावलंस कधी?"

आवण म्हणजे भाताची लावणी. मी नाही म्हणालो.

"ते दिसतंय. लावताना एक मूठ वाकडी लागली तर उपटून परत लावीत बसत नाय कोन. चिखल होतो नुसता. जेला तो जेला. फुडची सरल लावायची. आन् बसायचं तर नायच, पाठीमागचीचा हात थांबतो."

जेला म्हणजे गेला. मी पुस्तकं वाचणारा माणूस आहे, आणि खेड्यातल्या बायका शहरी माणसाला जीवनाचं सार सांगतात अशा पुस्तकांपासून मी दूर राहतो. त्यामुळे एक सांगितलं पाहिजे. बाई मला शहाणपण शिकवत नव्हत्या. त्यांना दोन टोपल्या वांगी चिरायची होती आणि अकराच्या आत घरी पोचायचं होतं. मी बाकावर बसलो तर त्यांना उशीर होत होता, एवढंच. पण सल्ला देणाऱ्याला घाई असली की सल्ला छोटा मिळतो, आणि छोटा असला तर तो लक्षात राहतो. मी उठलो.

चौथा होल आखूड आहे. पहिल्याच फटक्याला चेंडू भोकाभोवतीच्या कातरलेल्या गवताच्या कडेला गेला. मी पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, घेऊन उभा राहिलो. जमीन मला डावीकडे उतरती वाटत होती. बाईंनी डोळे बारीक केले.

"उजवीकं जाल तो."

"डावीकडे उतार आहे."

"हितं आमची खाचरं होती. पानी उजवीकं जायाचा, नदीला. पानी जायाचा तिकडंच चेंडू जाल."

क्लबच्या पाटीवर लिहिलं आहे की मैदानाची आखणी परदेशी तज्ज्ञाने केली. असेलही. माती मात्र इथलीच होती, आणि तिला तिचा जुना रस्ता आठवत असावा. चेंडू थोडा पुढे गेला, थबकला आणि उजवीकडे वळला.

त्यांची शेती या मैदानाखाली गेली हे कळल्यावर मी चेहरा पाडला. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हणालो, "वाईट वाटत असेल नाही तुम्हाला?"

"वाटतं कधीकधी. चल फुडं."

चौथ्यावर पाच. पाचव्यावर सहा. मी मागचं मोजणं बंद केलं. ते कॅप्टन करतच होते, दोघांनी एकच काम कशाला करायचं? सहाव्यावर चेंडू पुन्हा वाळूत गेला, तरी सातांत आटोपलं. सातवा होल तळ्यावरून पलीकडे मारायचा आहे. ऑक्टोबरात तिथे माझे तीन चेंडू बुडाले होते. बाई म्हणाल्या, "पान्याकं नको बघू. ती चिमनी बघ." दूर मोहन्याच्या बाजूला एक जुनी चिमणी दिसते, धूर नसलेली. मी चिमणी बघितली. चेंडू पलीकडे पडला. चारात होल संपला आणि कॅप्टनच्या तोंडून "वा" निघून गेलं. ते त्यांनी लगेच खोकल्यात लपवलं.

आठव्यावर सात.

"सत्तावन्न," कॅप्टन म्हणाले. "शेवटच्याला सहा. सातवा लागला तर नाही."

नवव्या होलच्या शेवटी क्लबचा व्हरांडा आहे. तिथे खुर्चीत एक माणूस पेपर वाचत बसला होता. सामान बांधायचं आहे, मी येणार नाही, असं आदल्या दिवशी सांगणारा हाच तो माणूस. त्याने पेपर इतका वर धरला होता की फक्त टक्कल दिसत होतं.

पहिला फटका सरळ गेला, लांब नाही पण सरळ. दुसरा मी टक्कल बघून मारला आणि चेंडू उजवीकडे जाऊन बांधालगतच्या गवतात पडला. आम्ही तिघं पुन्हा गवतात शिरलो. मी हळूहळू पाय टाकत होतो, आणि तरीही बुटाच्या टोकाला तेच कडक काहीतरी लागलं.

हात खाली गेला. गेलाच. वाकलोसुद्धा. बोटं चेंडूपासून चार अंगुळांवर होती आणि मला समोर कॅप्टनचे चकचकीत बूट दिसले, त्यांच्या शेजारी बाईंचे कॅनव्हासचे. कॅप्टनला सावध करता येत नव्हतं, नियमाने.

हात तिथेच थांबवणं मला जमलं, पण तो तसाच खिशात घालणं जमेना. चेंडूला पाय लागला होता. मग मी सरळ उभा राहिलो आणि रिक्षा देवळासमोरून जाताना आत बसलेले करतात तसा नमस्कार केला. हात छातीला, मग कपाळाला. चेंडूला लांबूनच.

कॅप्टनने पुस्तिका उघडली. त्यांनी बराच वेळ वाचलं. पानं उलटली, मागची सूचीही बघितली. मग म्हणाले, "नमस्काराबद्दल काही नाही. हात लागला नाही. खेळा."

त्या वेळी मला वाटलं की मी या माणसावर उगाच राग धरला होता. दुसऱ्या होलवर ते जेवढे नियमाने वागले होते, तेवढेच आताही वागत होते. फरक एवढाच की आता तो नियम माझ्या बाजूने होता.

तिसऱ्या फटक्याने चेंडू गवतातून बाहेर आला. चौथ्याने कातरलेल्या गवतावर गेला, भोकापासून वीस पावलांवर. आता दोन फटके उरले होते.

मी बाईंकडे बघितलं. त्या भोकाकडे चालत गेल्या, उभ्या राहिल्या, नदीकडे बघितलं आणि परत आल्या. "हितं आमचा बांध होता. बांधाच्या अलीकं पानी साचायचा, जायाचा नाय. सरल मार. लय हलकं नको."

मी सरळ मारला. चेंडू भोकाच्या शेजारून वीतभर पुढे जाऊन थांबला. तिसऱ्या होलवर असाच वीतभर अंतरावर मी दोनदा चुकलो होतो. ते मला आठवलं, आणि त्याच्या मागोमाग "चिखल होतो नुसता" हेही आठवलं. मी मारला. चेंडू आत पडला. भोकात पडताना चेंडूचा जो आवाज होतो, तो वाटीत सुपारी टाकल्यासारखा असतो.

"त्रेसष्ट," कॅप्टन म्हणाले. त्यांनी कार्डावर सही केली आणि हात पुढे केला. हात मिळवताना म्हणाले, "माझी आई पण करायला लावायची. बँकेत खातेवह्यांना पाय लागला की मी करायचो. लोक हसायचे."

मी थँक्यू म्हणालो. ते तोकडं होतं.

बाई जाकीट काढून निघाल्याच होत्या. मी त्यांच्यामागे गेलो, म्हणालो, "ताई, तुमच्यामुळे झालं."

"माज्यामुलं काय? मारलंस तू." दोन पावलं गेल्यावर त्या वळल्या. "हलदीला ये. त्या पेपरवाल्यालाबी आन. मगासपासून उलटा धरलाय त्यानं."

पेपर खरोखर उलटा होता. व्हरांड्यात गेलो तर मित्र म्हणाला, "किती?"

"त्रेसष्ट."

"म्हणजे काठावर."

"आत पडला ना."

पेपरची घडी घालायला त्याने फार वेळ लावला.

संध्याकाळी लवकर आम्ही दोघं हळदीला गेलो. मांडवात ढोल वाजत होता, बायका गात होत्या, आणि आम्हाला ओळखणारी एकच व्यक्ती होती. तेवढी ओळख पुरली. बाईंनी आम्हाला पाटावर बसवून जेवू घातलं, आणि त्यांच्या जावांनी येता-जाता आमच्या गालांना, कानांना, मानेला हळद फासली. मित्र म्हणाला, "हे जाणार नाही रे गुरुवारपर्यंत. कॅनडापर्यंत येईल." मी म्हणालो, "नाही गेलं तर बरंच."

रविवारी सकाळी आम्ही दोघं पिवळे कान घेऊन मैदानावर उतरलो. दरवाजावरच्या माणसाने आमच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या नियमांकडे पाहिलं. हळदीबद्दल तिथे काही नव्हतं. बाई आल्या नव्हत्या, लग्न होतं. मैदानावर पाय ठेवताना मी वाकून जमिनीला हात लावला. मित्राने ते बघितलं आणि त्यानेही लावला. दोघांच्याही गुडघ्यांनी आवाज केला.

त्याचा पहिला फटका वाळूत गेला. मी म्हणालो, "जेला तो जेला." तो म्हणाला, "कोण बोलतंय बघा, दहावाला."

आम्ही वाईट खेळलो आणि खूप हळू खेळलो. मागून येणाऱ्या चार जणांना दोनदा पुढे जाऊ दिलं. प्रत्येक होलशी तो काहीतरी सांगत होता, गॅसचं कनेक्शन कुणाला दिलं, कुंड्या कुणाकडे गेल्या, तुळस तेवढी तू ने. मी हो म्हणत होतो. तीस वर्षांत या माणसाने माझ्यासाठी काय काय केलं ते मला त्या वेळी एकेक आठवत होतं. त्यातलं मी त्याला काहीच सांगितलं नाही, कारण तो लगेच हसला असता.

नवव्या होलवर दोघांचेही चेंडू भोकाजवळ होते. तो आपला मारायला वळला आणि त्याचा बूट माझ्या चेंडूला लागला. चेंडू जरासा हलला. तो वाकला, चेंडू उचलला, कपाळाला लावला आणि डोळे मिटून तसाच थोडा वेळ धरला. मग माझ्या हातात दिला.

"एक फटका दंड," मी म्हणालो. दुसऱ्याने हलवलेल्या चेंडूला दंड नसतो हे दोघांनाही माहीत होतं.

"लिही," तो म्हणाला. "माझ्या नावावर लिही."